रात्री दोन ते सकाळी आठ

रात्री दोन ते सकाळी आठ या सहा तासांत किती एमबी उतरतील, याचा हिशेब ज्या घरांत कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी लिहिलेला असायचा, त्या घरांतली मुलं आता चाळिशीला टेकली आहेत. आम्ही त्यातलेच. बीएसएनएलचं डेटावन 2005 च्या जानेवारीत सुरू झालं. पुढे त्यातल्या पाचशे रुपयांच्या घरगुती योजनेत रात्री दोन ते आठ मोजणी बंद, अशी सोय आली. दिवसा जपून वापरा, रात्री हवं तेवढं ओढा. वेग 256 केबीपीएस. आजच्या मुलांना हसू येईल, पण केंद्र सरकारच्या 2004 च्या धोरणाप्रमाणे ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला एवढा वेग पुरत होता. संचारनेटच्या डायलअपवर वाढलेल्या आम्हाला तर ती चैनच वाटली.

गणित सोपं होतं. 256 किलोबिट म्हणजे सेकंदाला 32 किलोबाइट. प्रत्यक्षात हाती 30 च्या आसपास पडायचे. सहा तासांचे झाले साधारण 630 एमबी. आणि उबुंटू नावाच्या लिनक्सची सीडी जवळजवळ 700 एमबीची. म्हणजे एका रात्रीत एक सीडी होता होता राहायची! सकाळी आठच्या ठोक्याला नव्वद टक्क्यांवर हात आखडता घ्यायचा आणि उरलेल्या दहासाठी दुसऱ्या रात्रीची वाट पाहायची. अर्धवट फाइल जिथे थांबली तिथून पुढे उचलणाऱ्या डब्ल्यूगेटला आमच्या घरात जो मान होता, तो फार थोड्या नातेवाइकांना होता.

घर म्हणजे नाशिकचं काकांचं घर. आमचं मूळ घर हरसूलचं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: नाशिकहून गिरणारे, मग वाघेरा घाट, मग हरसूल. तालुका त्र्यंबकेश्वर, गुजरातची हद्द हाकेवर. भात, नागली आणि वरईचा मुलूख, पावसाळ्यात समोरचा डोंगर दिसेल तर शपथ, आणि बोहाड्याची सोंगं नाचायला लागली की आसपासच्या पाड्यांवरची माणसं रात्रभर गावात. दहावीनंतर शिकायचं तर नाशिक गाठायचं, हे ठरलेलंच. त्यामुळे काकांच्या दोन खोल्यांत त्यांची दोन आणि आम्ही तीन अशी पाच भावंडं वाढली. थोरला दादा पॉलिटेक्निकला, ताई बीएस्सीला, बाकीचे पुढेमागे. कॉम्प्युटर एकच, पेन्टियम फोर, 40 जीबीची डिस्क, आणि त्यावर पाच जणांचा हक्क.

लिनक्स घरात आलं ते ब्रॉडबँडच्या आधी, मासिकांतून. पीसीक्वेस्ट नव्वदच्या दशकापासून अंकाबरोबर लिनक्सची सीडी द्यायचं, डिजिटच्या सीडीतही कधीमधी काही हाती लागायचं, आणि 2003 पासून लिनक्स फॉर यू नावाचं मासिकच निघालं. दादा हे अंक रद्दीच्या दुकानातून सीडीसकट शोधून आणायचा. पण सीडी टाकली, लिनक्स चढलं, पुढे काय? कॉम्प्युटरच्या पोटातला मोडेम फक्त विंडोजचं ऐकणारा होता. त्या जातीला विनमोडेमच म्हणत. म्हणजे लिनक्समध्ये शिरलात की इंटरनेट गेलं, आणि इंटरनेट का गेलं हे शोधायचं तर पुन्हा विंडोजमध्ये या. नव्याने लिनक्स शिकणाऱ्या कितीतरी मुलांनी तिथेच हात टेकले असतील. दादाने टेकले नाहीत, कारण त्याला नाद होता. ताईने टेकले नाहीत, कारण दादाला येतं आणि आपल्याला येत नाही हे तिला चालण्यासारखं नव्हतं.

मग शिपइट आलं. मार्क शटलवर्थ या दक्षिण आफ्रिकी गृहस्थाच्या कॅनॉनिकल कंपनीने उबुंटू काढलं 2004 च्या ऑक्टोबरमध्ये, आणि ज्याला हवी त्याला सीडी फुकट घरपोच पाठवायला सुरुवात केली. टपालखर्चसुद्धा त्यांचा. आमच्यातल्या धाकट्याने पत्ता हरसूलचा दिला. का, तर नाशिकच्या पत्त्यावर दादाने आधीच मागवल्या होत्या. आठवडे गेले, आम्ही विसरलो, आणि एक दिवस पोस्टमन परदेशी शिक्क्याचं जाड पाकीट घेऊन आमच्या ओट्यावर उभा राहिला. आजीने अंगठा दिला आणि पाकीट देव्हाऱ्यात ठेवलं. परदेशातून आलेल्या कागदाला उगाच हात लावू नये, असं तिचं म्हणणं. दिवाळीत आम्ही गेलो तेव्हा हळदीकुंकवाचं बोट लागलेल्या उबुंटूच्या सीडी निघाल्या. चालल्या मात्र बिनचूक. फुकट सीडी पाठवायची ती पद्धत कॅनॉनिकलने 2011 मध्ये बंद केली.

पण आमच्या पिढीचं खरं शिक्षण झालं ते नेटवरून, रात्री. मोडेम हॉलमध्ये टीव्हीशेजारी, आणि हॉलमध्ये काकू झोपायची. त्यामुळे सगळे नियम काकूचे. दिवा लावायचा नाही, स्पीकर काढून ठेवायचे, खुर्ची ओढायची नाही. दोनचा गजर मोबाइलवर, उशीखाली. आणि दोन म्हणजे दोन वाजून दहा, कारण घड्याळ आपलं धरायचं की एक्स्चेंजचं, या वादात काका पडत नसत. बिल त्यांच्या नावाने यायचं आणि त्यांना दोन्हीकडून दहा-दहा मिनिटं सोडलेली हवी असत. पहाटे पाणी भरायला काकू उठली की आधी मोडेमकडे बघायची. ‘एडीएसएलचा दिवा लुकलुकतोय रे, तुमचं गेलं वाटतं,’ असं ती आतल्या खोलीकडे तोंड करून सांगायची, आणि चार पांघरुणं एकदम हलायची. काकू सातवी शिकलेली. दिवा स्थिर म्हणजे लाइन आहे, लुकलुकला म्हणजे तुटली, आणि डेटाचा दिवा थरथरला म्हणजे पोरांचं काम चाललंय, एवढं तिने कुणी न शिकवता टिपलं होतं.

सीडी उतरली की लगेच जाळायची नाही. आधी पडताळणी. एमडी5 नावाची बेरीज फाइलवर चालवली की बत्तीस अक्षरांची एक ओळ येते. तीच ओळ उबुंटूवाल्यांनी दिलेली असते. दोन्ही जुळल्या तर फाइल शाबूत. संगणकाला ही तुलना करायला सांगता येते हे आम्हाला उशिरा कळलं. तोवर ताई वहीत उतरवलेली ओळ वाचायची आणि आमच्यातलं कुणीतरी पडद्यावर बोट ठेवून हुंकार द्यायचं. ‘सात, एफ, शून्य, शून्य, बी...’ ‘डी की बी?’ ‘बी, बदकातला.’ सोळा झाली की ती श्वास घ्यायची. आजही कुठे लांबलचक क्रमांक दिसला की मी चार-चार अक्षरांचे तुकडे पाडून वाचते, आणि बहिणीचा सूर कानात येतो. ओळ जुळली की सीडी जाळायची, तीही चारच्या वेगाने. जास्त वेगाने जाळली तर बिघडते, असा पक्का समज होता. खरंखोटं कुणी तपासलं नाही, कारण कोऱ्या सीडीचे पैसे पडायचे.

डेबियन या दुसऱ्या लिनक्सची तऱ्हा वेगळी होती. 2005 च्या सार्ज आवृत्तीचा संपूर्ण संच चौदा सीडींचा. तो कोण उतरवणार! पण त्यांची नेटइन्स्टॉल नावाची छोटी सीडी मिळायची. त्यात फक्त पाया, बाकी सगळं बसवता बसवता नेटवरून. अर्थात त्यासाठी बसवतानाच नेट हवं, आणि इथे खरी कसोटी. मोडेमला दोन तारा जोडता यायच्या, यूएसबी आणि लॅन. जोडून देणारे बहुतेक यूएसबी जोडून जायचे, कारण पुष्कळ घरांतल्या कॉम्प्युटरला लॅन कार्डच नसायचं. लिनक्सला मात्र लॅन हवं. रियलटेकचं स्वस्त कार्ड आणून बसवलं. मग ब्राउझरमध्ये 192.168.1.1 या पत्त्यावर जाऊन मोडेमलाच नेट जोडायला शिकवायचं, म्हणजे लॉगिन आणि पासवर्ड त्याच्या पोटात भरून ठेवायचे. त्या पानावर दोन चौकटी असायच्या, व्हीपीआय आणि व्हीसीआय. बीएसएनएलसाठी तिथे शून्य आणि पस्तीस भरायचं. त्या आकड्यांचा अर्थ विचारला तर आमच्यातला कुणीही धड सांगू शकला नसता, पण शून्य-पस्तीस झोपेतून उठवून विचारलं तरी यायचं.

नेटइन्स्टॉल चालू झालं की पडद्यावर पॅकेजांची नावं सरकायची आणि खाली उरलेला वेळ: चार तास, साडेपाच तास, पुन्हा चार. तो आकडा कधीच खरा नसायचा. तरी आम्ही आळीपाळीने बसून तो बघायचो. हेलसिंकीतल्या एका विद्यार्थ्याने 1991 मध्ये सुरू केलेलं काहीतरी, जगभरच्या अनोळखी माणसांनी वाढवलेलं, मुंबईच्या किंवा मद्रासच्या आयआयटीतल्या सर्व्हरवरून एकेक तुकडा करून आपल्या हॉलमध्ये उतरतंय, याचं अप्रूप होतं. त्यातून आपण पैसे बुडवत नाही आहोत, चोरीचं काही घेत नाही आहोत, हे आणखी एक. त्या काळात घराघरांतलं विंडोज कुठून यायचं हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावर कशाला बोला.

सुट्टीला हरसूलला जायचं तर सामानात सीडींचं पाकीट. हरसूलच्या घरी ब्रॉडबँड नव्हतं. तांब्याच्या तारेवरून ते एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटरांपर्यंतच जेमतेम पोचतं, त्यामुळे पाड्यांवरच्या घरांचा तर प्रश्नच नव्हता. फोन होता, पण जोराचा पाऊस झाला की तारेत पाणी शिरायचं आणि रिसीव्हरमधून फक्त खरखर. मग नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून एसटीचा लाल डबा. पंचवीस सीडींच्या पाकिटात साडेसतरा जीबी माल. रात्रीच्या सहा तासांच्या हिशेबाने तो उतरवायला महिना जवळ आला असता. वाघेऱ्याचा घाट चढून डबा दोनेक तासांत पोचवायचा. गंमत म्हणजे टेपांनी भरलेल्या गाडीचा हाच हिशेब टॅनेनबॉमने नेटवर्कवरच्या आपल्या पाठ्यपुस्तकात मांडला आहे. ज्यांच्या मिनिक्सवर शिकत शिकत टोरवाल्ड्सने लिनक्स लिहिलं तेच टॅनेनबॉम. दादाला ते पुस्तक अभ्यासाला लागलं तेव्हा तो म्हणाला, ‘यांना आपली हरसूल गाडी कुणी सांगितली?’

हरसूलच्या घरातला कॉम्प्युटर बाबांचा. बाबा शिक्षक. एमएस-सीआयटी करणं सरकारी नोकरांना भागच होतं, म्हणून तो आला होता. एमकेसीएलच्या त्या अभ्यासक्रमाने महाराष्ट्रातल्या लाखो लोकांना माऊस धरायला शिकवलं, हे खरंच. पण कॉम्प्युटर म्हणजे विंडोज आणि विंडोज म्हणजे कॉम्प्युटर, हेही त्यानेच शिकवलं. त्याच वर्षांत केरळने आयटी अ‍ॅट स्कूल योजनेत सरकारी शाळा लिनक्सवर नेल्या. आपल्याकडे तसं झालं असतं तर बाबांना आमच्या हातून लिनक्स शिकायची वेळ आली नसती. माझ्या मते ती आपली मोठीच चूक, आणि तिची चर्चा कधी नीट झाली नाही.

बाबांची अट एकच: डी ड्राइव्हला हात लावायचा नाही. त्यात शाळेची पटसंख्या, निवडणुकीच्या कामाचे तक्ते आणि ताईच्या साखरपुड्याचे फोटो. त्यामुळे डिस्कची वाटणी करताना घरात बारशाला नसेल इतकी गर्दी जमायची. आजी पाटावर, आई दाराशी, बाबा खुर्चीच्या मागे हात बांधून. शेजारच्या जमिनीची मोजणी व्हावी तशी ती वाटणी व्हायची, इंच इंच. झालं की चालू करताना यादी यायची, लिनक्स वर आणि विंडोज सगळ्यात खाली. दहा सेकंदांत काही केलं नाही तर वरचं सुरू. त्यावरून घरात दोन नावं रूढ झाली. ‘वरचं लावू का खालचं?’ बाबा विचारायचे. आईला पत्ते खेळायचे तर वरचं, कारण त्यातले पत्ते तिला आवडायचे. बाबांना तक्ते उघडायचे तर खालचं, कारण शाळेचं सगळं शिवाजी फॉन्टमध्ये, आणि तो नसला की वरच्यात नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी.

तेवढ्यासाठी ताईने बाबांना युनिकोड शिकवलं. रेड हॅटचा लोहित फॉन्ट आला होता, मराठी टायपायला स्किम नावाचं साधन होतं, आणि इन्स्क्रिप्टचा कळफलक. पहिले काही दिवस ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटायची, जोडाक्षरं तुटायची, आणि बाबा म्हणायचे, ‘हे पोर अजून पहिलीत आहे.’ पुढच्या आवृत्तीत ते सुधारलं. यू, जे, एम, टी, एन अशी पाच बटणं ओळीने दाबली की पडद्यावर ‘हरसूल’ उमटतं, हे बाबांनी येणाऱ्याजाणाऱ्याला करून दाखवलेलं मी पाहिलं आहे. निवृत्तीच्या वर्षी त्यांनी शाळेचा अहवाल युनिकोडमध्ये लिहिला. वरच्यात.

वीज हा एक स्वतंत्र विषय. भारनियमनाची ती वर्षं. ग्रामीण भागात दिवसाचे दहा-बारा तास अंधार ही बातमीसुद्धा राहिली नव्हती. कॉम्प्युटर मध्येच बंद पडला की खालचं पुढच्या वेळी डिस्क तपासत बसायचं. वरच्याची ईएक्सटी3 ही फाइल साठवायची पद्धत प्रत्येक बदलाचं आधी टिपण ठेवायची, त्यामुळे वीज गेली तरी ते बहुधा काही सेकंदांत सावरून उठायचं. लिनक्सची थोरवी सांगायला पुस्तकं लिहिली गेली आहेत. आमच्या आईला ती भारनियमनाने पटली.

न पटलेली गोष्ट म्हणजे गाणी. एमपी3 वाजवायची सोय उबुंटूच्या सीडीत नसायची, पेटंटच्या भानगडीमुळे. ती नेटवरून वेगळी घ्यावी लागे. आणि हरसूलला नेट कुठलं? लतादीदी वाजत नाहीत म्हणजे पोरांनी कॉम्प्युटर बिघडवला, हा आजीचा निकाल तयार. मग नाशिकहून ती एक फाइल न्यायची, तर ती म्हणणार, माझ्याआधी अमुक बसवा. अमुक नेलं तर त्याला तमुक हवं. शेवटी धाकट्याने शक्कल काढली. उबुंटू आणि डेबियन उतरवलेली सगळी पॅकेजं डिस्कच्या एका फोल्डरमध्ये जपून ठेवतात. नाशिकच्या मशीनवर गाणी वाजेपर्यंत सगळं बसवायचं, तो फोल्डर जसाच्या तसा सीडीवर घ्यायचा आणि हरसूलच्या मशीनवर ओतायचा. दोन्हीकडे आवृत्ती एकच हवी, एवढं पथ्य. त्या सीडीच्या प्रती पुढे गावातल्या दोन-तीन घरांत आणि एका शिकवणीच्या वर्गात गेल्या. कुणाला परवानगी विचारावी लागली नाही, कारण ती आधीच दिलेली होती. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय हे मला कुठल्या घोषणापत्रातून कळलं नाही. या सीडीतून कळलं.

पुढचं भराभर झालं. 2009 च्या जानेवारीत ग्रामीण ब्रॉडबँडसाठी सरकारच्या निधीतून बीएसएनएलशी करार झाला, पाच वर्षांत जवळजवळ नऊ लाख जोडण्या, वेग किमान 512. त्याआधीच आम्ही नोकियाचा फोन तारेने जोडून डब्ल्यूव्हीडायलवरून जीपीआरएस चालवायला लागलो होतो. एक पान उघडायला चहा व्हायचा. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि एमबीचा हिशेबच बुडाला. तोवर आम्ही पांगलो होतो. दादा पुण्यात, ताई बंगळुरात सर्व्हर सांभाळते, काकांची मुलगी जर्मनीत, धाकटा हरसूललाच सेतू केंद्र चालवतो. परवा त्याच्या मुलाने उबुंटू 24.04 उतरवलं. सहा जीबीच्या घरातली फाइल, आणि तो फोनवर व्हिडिओ बघता बघता ती उतरली. आमच्या काळी याला नऊ-दहा रात्री लागल्या असत्या, असं मी म्हटलं, तर म्हणाला, ‘आत्या, रात्रीच का?’ दोन ते आठचं सगळं समजावून सांगितलं. त्याला ते पटलं नाही. नेटला रात्र कशी असेल?

एक गोष्ट मात्र वाचकांपैकी ज्यांच्या माळ्यावर तो जुना पेन्टियम अजून आहे त्यांना सांगायची आहे. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 मध्ये 32 बिटच्या कॉम्प्युटरसाठी इन्स्टॉलर नाही. त्या जुन्या मशीनसाठी डेबियन 12 हाच शेवटचा, आणि त्याच्या सुरक्षा दुरुस्त्यांची मुदत जून 2028 पर्यंत. पावसाळी भागात ठेवलेल्या सीडींवर बुरशी चढते आणि घरी जाळलेल्या सीडी तशाही फार वर्षं टिकत नाहीत, तेव्हा त्यात कुणाचे फोटो, कुणाचे आवाज असतील तर ते याच वर्षी काढून घ्या. मशीन नाही चाललं तरी चालेल. डी ड्राइव्ह आधी वाचवा.